गेटपासून एकशे तीन पावलं

आमच्या एरंडोलच्या शाळेने सुगंधाबाईंना एकोणीस दिवस नशेचा माल विकणारी बाई ठरवलं होतं. एकोणीस हा आकडा त्यांचाच. तेवढे दिवस त्यांच्या कढईखालची शेगडी पेटली नाही. त्याआधी शेगडी इतकी कधी विझली होती म्हणाल, तर सुनेच्या बाळंतपणात, आणि तेही बाराच दिवस.

सुगंधाबाई केळीचे वेफर तळतात. शाळेच्या गेटाला लागून, लिंबाखाली, लोटगाडीवर, अठरा वर्षांपासून. रावेरकडून टेम्पोने कच्ची केळी येतात. त्या किसणी थेट कढईवर धरतात, चकत्या सरसर तेलात पडतात, मग वाटीतलं हळद-मिठाचं पाणी तेलात मारतात. त्याचा जो चर्र आवाज होतो त्यावरून मुलं मधली सुट्टी ओळखतात. घंटा मागाहून होते. माझं घर समोरच आहे, त्यामुळे हा आवाज माझ्या स्वयंपाकाचंही घड्याळ आहे.

मुलांची नावं त्यांना येतात, पण त्या ओळखतात ते खाण्यावरून. हा तुटलेले मागणारा. ही पुडा उघडायच्या आधी मैत्रिणीपुढे धरणारी. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी पुडा घेताना हात आधी हवेत चाचपडायची. सुगंधाबाईंनी तिच्या आईला गाठून सांगितलं, "डोया दाखाडी ले वं तिना." मुलीला जाड भिंगाचा चष्मा लागला. वर्गात ती पहिल्या बाकावर बसायची, आणि तिथे हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तर झालं असं. मार्गशीर्षात मुख्याध्यापकांची एक ऑनलाइन बैठक झाली. आमचे मुख्याध्यापक ज्ञानेश्वर सर सज्जन माणूस, पण त्या दिवशी नेटवर्क तुटक होतं. पलीकडून कोणी अधिकारी सांगत होते आणि सरांच्या कानावर येत होतं ते असं: "शाळाशाळांत वेप... मुलं चोरून... आरोग्यास अत्यंत... गेटपासून शंभर यार्ड... तातडीने बंदी." सरांनी डायरीत लिहिलं, "वेपर. बंदी. तातडीने." आणि डायरी हेडक्लार्क अभिमन नानांपुढे सरकवली.

अभिमन नाना म्हणजे शाळेचं शुद्धलेखन. लग्नाच्या पत्रिकेतल्या वेलांट्या दुरुस्त करून पत्रिका यजमानाला परत पाठवणारा माणूस.

"सर, वेपर असा शब्द नाही," नाना म्हणाले.

"मग काय आहे?"

"वेफर. फळातला फ."

"बैठकीत प म्हणाले."

"सर, बोलणारे काहीही बोलतात. कागदावर अशुद्ध जाऊन चालत नाही."

सरांना घाई होती. ते म्हणाले, "नाना, जे शुद्ध असेल ते लिहा." आणि दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर लागलं: "शालेय आवारात व गेटपासून शंभर यार्डांच्या आत वेफर बाळगणे, सेवन करणे व विकणे यांस सक्त मनाई आहे. सेवन करताना आढळणाऱ्या विद्यार्थ्यास शाळा सोडल्याचा दाखला देण्यात येईल." एक प्रत वर कार्यालयात गेली. ही प्रत पुढे महत्त्वाची आहे.

केळीच्या जिल्ह्यात केळीच्या वेफरवर बंदी आली, आणि कोणी हसलं नाही. वरून आलेलं म्हटल्यावर आपल्याकडे आधी पाळतात.

शिपाई निंबाभाऊला सरांनी शंभर यार्ड मोजायला सांगितले. निंबाभाऊच्या माहितीत यार्ड एकच, जिथे कापूस-मका विकायला नेतात तो.

"सर, मार्केट यार्ड ते एकच शे," तो म्हणाला. "शंभर कथाईन आनू?"

नानांनी समजावलं की मोठं पाऊल म्हणजे एक यार्ड धर. निंबाभाऊ गेटापासून लांब टांगा टाकत निघाला, पुढे सुगंधाबाईंची लोटगाडी, मागे अर्धी शाळा पावलं मोजत. शंभरावं पाऊल पडलं ते छगनच्या पानटपरीच्या फळीपाशी. त्यात नवल नव्हतं. ती टपरी मागेच तंबाखूबंदीच्या वेळी शंभर यार्ड मोजून तिथे हलवली होती. रस्त्यावर तेव्हाची पिवळी रेघही होती. निंबाभाऊ रेघ पाहून स्वतःच्या टांगेवर खूश झाला.

छगन त्याहून खूश. फळी पुसून तो म्हणाला, "या मावशी, आता आपण शेजारी. पोरं तुमच्याकडे येतील, उभी राहतील, इकडेतिकडे पाहतील. बरं चालेल दोघांचं."

सुगंधाबाईंनी टपरीवर लटकलेल्या पुड्यांच्या माळा पाहिल्या. मग मागे आलेली पाचवी-सहावीची रांग पाहिली.

"मी आठे बसाव नही," त्या म्हणाल्या. "आज वेफरसाठे येतीन. सकाय काय मांगतीन?"

गाडी उलटी फिरवून त्या घरी गेल्या. गेटाशी बसायची बंदी, रेघेपलीकडे बसायला मन तयार नाही. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीचा चर्र बंद झाला आणि माझ्या पोळ्या करपू लागल्या. दुपारी त्या आमच्या ओट्यावर येऊन बसत, लसूण सोलत, समोरच्या लिंबाकडे पाहत. "जागा रिकामी र्‍हायनी ते दुसरा कोन बसी जाई, ताई," एवढंच म्हणत. अठरा वर्षांची जागा होती. दुसरं काही त्यांच्या नावावर नाही.

इकडे शाळेने मोहीम मनावर घेतली. रोज प्रार्थनेनंतर प्रतिज्ञा: "मी आयुष्यात कधीही वेफर घेणार नाही व मित्रास घेऊ देणार नाही." शनिवारी गावातून फेरी निघाली, "वेफर सोडा, आयुष्य जोडा". फेरी धरणगाव चौकातून गेली तेव्हा फराळी पदार्थांच्या दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं. चित्रकलेच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालेल्या चित्रात एक कवटी होती आणि तिच्या दातांत पिवळी चकती.

मुलांचं मात्र वेगळंच चाललं होतं. ज्या मुलांनी वर्षभर वेफरकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ती आता चौकातल्या दुकानातून मोज्यात लपवून आणू लागली. संडासाच्या मागे एक चकती चौघांत फिरायची. कुरकुर आवाज होऊ नये म्हणून मुलं ती जिभेवर भिजवून खात. नववीतला रमीज एरवी गणितात मागे, पण त्याने कंपासपेटीच्या खाली दुसरा तळ बसवला होता. बंदीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या शाळेत जितके वेफर खाल्ले गेले तितके गेल्या वर्षी संक्रांतीच्या स्नेहसंमेलनात गेले नसतील.

मग दप्तरं तपासणं आलं. पालक-शिक्षक संघातली म्हणून मला दारात उभं केलं होतं, त्यामुळे हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. माझ्याकडे पाठ असलेल्या दहावीच्या एका मुलाच्या दप्तरातून सरांनी बोटाएवढी, चकचकीत, निळसर अशी एक वस्तू काढली.

"हे काय?"

"हायलायटर, सर."

सरांनी ती फिरवून पाहिली, टोपण शोधलं, सापडलं नाही. टेबलावरच्या सूचनेतला "वेफर" हा शब्द ठळक करायला ती कागदावर दोनदा घासली. काही उमटलं नाही.

"संपलाय हा. नवीन घे. परीक्षा जवळ आली." आणि त्याच्या हातात परत दिली. "वेफर नाही ना काही?"

"नाही, सर."

मागची चार मुलं छताकडे पाहत होती. हसू आवरताना मुलं नेहमी छताकडेच पाहतात, पण सर तोवर रमीजच्या कंपासपेटीवर पोचले होते.

मोहिमेचा समारोप म्हणून डॉक्टर मेघा यांचं व्याख्यान ठेवलं. त्या जळगावहून आल्या, छातीच्या विकारांच्या. सरांनी फोनवर विषय सांगितला तो आधी नानांनी चिठ्ठीवर लिहून दिलेला, पण फोनमध्ये प आणि फ यांत फारसा फरक पडत नाही. डॉक्टरबाईंना योग्य तेच ऐकू गेलं. सुगंधाबाईंनाही बोलावणं होतं. त्यांनी मुलांसमोर, यापुढे विकणार नाही, अशी शपथ घ्यायची होती. त्या इरकली लुगडं नेसून पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसल्या.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "मुलांना वाटतं यात काही नाही, चव छान आहे. आंबा, पुदिना, स्ट्रॉबेरी, कितीतरी चवींत मिळतं."

सगळी सभा सुगंधाबाईंकडे वळली.

"पुदिना शे," त्या उभ्या राहून म्हणाल्या. "आंबा नही."

डॉक्टरबाई चमकल्या. "तुम्ही विकता?"

"अठरा वरीस व्हयनात."

"शाळेसमोर?"

"गेटलेच."

"आणि माल कुठून येतो?"

"रावेरथून. बनाडस मीच."

डॉक्टरबाईंनी खुर्चीची पाठ धरली. "स्वतःच? मीठ किती घालता त्यात? कारण त्यातलं निकोटिनचं मीठच घशाला बोचू देत नाही, म्हणून मुलं जास्त ओढतात."

"चवपुरतं. आनि वढतस ते वढतसच," सुगंधाबाई म्हणाल्या. "एकमेकना हातमाईन वढतस. मी म्हनस, दम धरा, बठ्ठासले भेटी."

"सर," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही पोलिसांना कळवलंय का?"

सरांनाही आता घाम फुटला. ते म्हणाले, "मॅडम, ते थेट फुप्फुसात जातं का? मला वाटायचं, पोटात जात असेल."

"पोटात कसं जाईल?"

"म्हणजे, ठसका लागला तर..."

डॉक्टरबाईंनी बोलणं सोडलं आणि पडद्यावर चित्र लावलं. बोटाएवढी, चकचकीत, निळसर वस्तू. सर दोन पावलं पुढे गेले. चष्मा वर केला, खाली केला.

"हा तर हायलायटर आहे," ते म्हणाले.

सगळ्या मुलांनी एकदम छताकडे पाहिलं. तेवढ्यात आठवीतली अर्शी उठली. निबंधाचं बक्षीस दरवर्षी हीच घेते.

"सर, ते वेपर असतं. पतंगातला प. वाफ ओढायचं यंत्र. आपण फ वर बंदी घातली."

सगळ्यांनी अभिमन नानांकडे पाहिलं. नाना शांतपणे म्हणाले, "शब्दकोशात नव्हता."

पुढचा अर्धा तास डॉक्टरबाई खऱ्या विषयावर बोलल्या. देशात याच्यावर बंदी आहे तरी मिळतं, त्यात बहुधा निकोटिन असतं, कोवळ्या मेंदूला त्याची सवय फार लवकर लागते. आणि एक गोष्ट त्यांनी सरांकडे पाहून सांगितली. धाक घालून मुलं थांबत नाहीत, फक्त लपवायला शिकतात. रमीजने कंपासपेटी मांडीखाली ढकलली.

माझं लक्ष सुगंधाबाईंकडे होतं. त्या पडद्याकडे पाहत होत्या आणि त्यांचे ओठ मिटले होते. काही ओळखलं की त्या तशा बसतात.

सभा संपल्यावर सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, सोबत मला. सर खरोखर ओशाळले होते. पण माणूस ओशाळला की त्याला लगेच काहीतरी करून दाखवायचं असतं.

"मावशी, त्या दिवशी इतकी दप्तरं पाहिली, तो हायलायटर कोणाच्या दप्तरात होता ते आठवत नाही. तुम्हाला मुलांचं सगळं कळतं. कोणाकडे आहे ते? नाव सांगा. उद्या सकाळी गाडी गेटला लावा, मी स्वतः नारळ फोडतो."

सुगंधाबाईंनी खिडकीतून लिंबाकडे पाहिलं.

"नाव माले माहीत शे," त्या म्हणाल्या. "सांगं ते तुम्ही त्याना हातमां दाखला दिशात. फलकवर लिखेल शे."

"नियम आहे तो."

"मंग मनी जागा र्‍हाऊ द्या."

आणि त्या उठल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी पदर सावरला. मला नाव माहीत नव्हतं, आणि असतं तर मी सांगितलं असतं की नाही, हे मी त्या दिवसापासून ठरवते आहे.

नाव कोणाचं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. सुगंधाबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या आणि पाचच्या सुमाराला दहावीतला भूपेंद्र दप्तर घेऊन समोर येऊन उभा राहिला. मी आत चहा टाकत होते. दार उघडंच होतं.

"मावशी, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?"

"बठ," त्या म्हणाल्या. "मेथी निवड."

तो बसला. दोन काड्या निवडून म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?"

"बंदीना पहिले दोन महिना, पुडा लेस आनि बठ्ठा वाटी टाकस. तुले तोंडले चव नही. आनि आंगले आंबाना वास. मार्गशीर्षमां आंबा कोनता झाडले लागस रे?"

भूपेंद्र हसला आणि त्याने पुढची काडी उचलली.

"पहिल्यांदा कसाले वढं?"

सांगायला त्याने अर्धी जुडी लावली. शाळा पाचला सुटते, क्लास साडेसहाला. घर गावाबाहेर, जाऊन यायला वेळ पुरत नाही. पाच वाजता मैदानाला कुलूप लागतं. मग दीड तास कुठे जायचं? क्लासच्या जिन्यात सगळे बसतात. त्यांच्यात तो नवा. एकाने ती वस्तू पुढे केली. नाही म्हटलं असतं तर कोणी मारलं नसतं, फक्त उद्यापासून जिन्यात जागा झाली नसती. सिगारेट असती तर घेतली नसती, तो म्हणाला. ही नुसती आंब्याची वाफ. घरी सर्दी झाल्यावर आईपण वाफ घ्यायला लावते.

"आता तिसऱ्या तासाला हात चुळबुळतो, मावशी. गणित दिसत नाही. त्या दिवशी फेरीत मी घोषणा देत होतो, सगळ्यात मोठ्याने. खिशात हे होतं. आम्ही खूप हसलो. घरी जाऊन मला रडू आलं."

"सरले सांगानं ना."

"दाखला देतात ना, मावशी."

भूपेंद्रने ती निळसर वस्तू मेथीच्या काड्यांत ठेवली आणि म्हणाला, "तुमच्याकडे ठेवा. माझ्याकडे राहिली की हात जातो."

त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली. मग मला म्हणाल्या, "ताई, सोबत चाल."

सर केबिनमध्येच होते, नाना जावक रजिस्टर घेऊन उभे. सुगंधाबाईंनी पदराची गाठ सोडली आणि वस्तू टेबलावर ठेवली.

"हाई तुमनं हायलायटर. देनाराले सोडानं शे. नाव विचारशात ते मी ऊठसू."

सर त्या वस्तूकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मी हे हातात घेऊन परत दिलं होतं." त्यांना नाव आठवलं होतं, हे आम्हा तिघांना कळलं. पण त्यांनी ते उच्चारलं नाही, आणि त्या दिवसापासून माझं सरांबद्दलचं मत बदललं.

"मैदानले पाच वाजता कुलूप कसाले?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"लक्ष ठेवायला माणूस नाही. निंबा घरी जातो."

"मी शे ना."

"काल मी नारळाचं बोललो खरा, पण तुम्हाला गेटपासून शंभर यार्डांत येता येत नाही, मावशी. दुरुस्ती करायची तर आधी वर लिहावं लागेल की चूक झाली. वर प्रत गेली आहे."

इथे अभिमन नाना खाकरले. त्यांनी फलकावरची सूचना मागवली, चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचली. शालेय आवारात, व, गेटपासून शंभर यार्डांच्या आत.

"सर, हा व उभयान्वयी आहे," नाना म्हणाले. "दोन्ही अटी एकत्र लागू झाल्या तरच मनाई. आवारात असेल, पण गेटपासून शंभर यार्डांच्या बाहेर असेल, तर मनाई लागू होत नाही. व्याकरणाने. तशी ती गेटाबाहेरही लागत नाही, पण तिथली गाडी वरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर येईल."

"आवारात अशी जागा आहे?"

निंबाभाऊला घरून बोलावलं. तो गेटापासून आत निघाला, इमारतीला वळसा घालून, कबड्डीच्या मैदानावरून, कुंपणाच्या कोपऱ्यातल्या निंबोणीपर्यंत. आम्ही सगळे मागे, सर स्वतः पावलं मोजत. एकशे तीन भरली. वळसा धरून मोजायचं की सरळ, असा प्रश्न मी विचारणार होते, पण विचारला नाही.

वेफरबंदी आमच्या शाळेत आजही आहे. सूचना फलकावर आहे, तिची प्रत वर आहे. आणि रोज पाच वाजता निंबोणीखाली चर्र आवाज होतो, तो साडेसहापर्यंत चालतो. सुगंधाबाई आत असल्यामुळे मैदान उघडं राहतं. क्लासच्या जिन्यात बसणारी निम्मी मुलं आता कबड्डी खेळतात, उरलेली बसून खेळणाऱ्यांना नावं ठेवतात. दाखल्याचं वाक्य मात्र खोडलं आहे. नानांनी तांबड्या शाईने, पट्टी लावून खोडलं आणि बाजूला लिहिलं, "सांगणाऱ्यास शिक्षा नाही." डॉक्टर मेघा दर गुरुवारी फोनवर भूपेंद्रशी बोलतात. त्याने दोनदा सोडलं आणि दोनदा परत धरलं. आता तिसऱ्यांदा सोडलं आहे. हल्ली तो पुडा वाटायच्या आधी चार वेफर स्वतः खातो. सुगंधाबाई मोजतात.

मुलांनी आपली एक पद्धत पाडली आहे. कोणी शिकवली नाही. ज्याला काही सांगायचं असेल तो गाडीपाशी येऊन आंब्याचे वेफर मागतो. सगळ्यांना ठाऊक आहे की सुगंधाबाईंकडे साधे, मिरीचे आणि पुदिन्याचे मिळतात. आंब्याचे मिळत नाहीत.

परवा मी मुलीला न्यायला गेले होते. नववीतली एक मुलगी बराच वेळ रांगेच्या मागे मागे राहत होती. सगळे गेल्यावर पुढे आली.

"मावशी, आंब्याचे आहेत का?"

सुगंधाबाईंनी झारा खाली ठेवला, शेगडी बारीक केली आणि शेजारच्या पाटावरचं तेल पदराने पुसून तिला बसायला जागा केली.